फ्रेनेल की पॅनकेक: व्हीआर हेडसेट घेण्याआधी लेन्स बघा

नागपुरात बर्डीवर किंवा धरमपेठेत व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारं यंत्र, बघायला गेलं की आधी रिझोल्यूशन सांगितलं जातं, मग स्टोरेज, मग सोबत मिळणारा गेम. लेन्सचा विषय बहुधा निघतच नाही. खरं तर स्क्रीन डोळ्यापासून काही सेंटीमीटरवर असते आणि इतक्या जवळचं कुणाच्याही डोळ्याला स्पष्ट दिसत नाही. ते चित्र साधारण दीड मीटरवर असल्यासारखं करून दाखवायचं, तेही नजरेसमोर रुंद पसरवून, हे सगळं काम लेन्स करते. ती कच्ची असेल तर कितीही पिक्सेल घाला, कडेची अक्षरं फिसकटलेलीच दिसणार.

हे पडताळायला मेटाची क्वेस्ट ३ आणि क्वेस्ट ३एस ही जोडी सगळ्यांत सोयीची. दोन्हींत प्रोसेसर एकच, स्नॅपड्रॅगन एक्सआर२ जेन २. रॅम दोन्हीकडे ८ जीबी. वजनही जवळपास तेच, ५१५ आणि ५१४ ग्रॅम. गेम तेच चालतात आणि तितक्याच वेगानं चालतात. मोठा फरक डोळ्यासमोरच्या भागात आहे. ३ मध्ये प्रकाशाला आतल्या आत फिरवणारी पॅनकेक लेन्स आणि दर डोळ्याला २०६४ बाय २२०८ पिक्सेल, ३एस मध्ये वर्तुळाकार खाचांची फ्रेनेल लेन्स आणि १८३२ बाय १९२०. स्वस्तातल्या ३एसची बचत मुख्यतः इथेच झालेली आहे.

फ्रेनेल ही जुनी युक्ती. दीपगृहाच्या दिव्यासाठी जाडजूड काच लागायची, म्हणून फ्रेंच अभियंता ऑग्युस्तँ फ्रेनेलनं भिंगाच्या पोटातला निरुपयोगी भाग काढून टाकला आणि फक्त वक्र पृष्ठभागाचे पट्टे एकात एक वर्तुळांत बसवले. १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात ते पहिल्यांदा लागलं. व्हीआरमध्येही हिशोब तोच: लेन्स पातळ, हलकी आणि प्लास्टिकच्या साच्यातून स्वस्तात निघणारी. २०१६ ची एचटीसी व्हाइव्ह, २०२० ची क्वेस्ट २, २०२३ ची प्लेस्टेशन व्हीआर२ या सगळ्या याच घराण्यातल्या.

पण प्रत्येक वर्तुळाला दोन बाजू असतात. एक उतार, जो प्रकाश हवा तसा वळवतो, आणि दुसरी उभी पायरी, जिचा चित्राला काडीचा उपयोग नाही. त्या पायरीवर आदळलेला प्रकाश भलतीकडे पसरतो. काळ्या पडद्यावर पांढरा मेन्यू उघडा, म्हणजे अक्षरांपासून लेन्सच्या कडेकडे गेलेले पांढरट फराटे दिसतील. गॉड रेज म्हणतात ते हेच. उजेडातल्या दृश्यात, समजा दिवसा चाललेल्या क्रिकेटच्या गेममध्ये, ते जाणवतही नाहीत, कारण आजूबाजूचं सगळंच उजळ असतं. रात्रीचं आकाश, अंधारी गुहा, सिनेमाची श्रेयनामावली आली की मात्र लक्ष तिकडेच जातं. हेडसेटमध्ये मुख्यतः सिनेमे बघायचे असतील तर हा दोष हलक्यात घेऊ नका.

फ्रेनेलची दुसरी अडचण त्रास जास्त देते. चित्र ठसठशीत दिसणारा भाग मध्यभागी छोटासा असतो. डोळ्याची बाहुली त्या भागापासून दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी कडा धूसर होतात, अक्षरांना निळी-लाल किनार दिसते. त्यामुळे माणूस नकळत डोळे हलवायचं सोडतो आणि प्रत्येक गोष्टीकडे मान वळवतो. अर्ध्या तासानं मान अवघडते आणि दोष हेडसेटच्या वजनाला दिला जातो.

पॅनकेकची रचना वेगळी. इथे प्रकाशाला लेन्सच्या आतच येरझारा घालाव्या लागतात. स्क्रीनचा प्रकाश आधी ध्रुवीकरणाच्या (ठरावीक दिशेनं कंप पावणाराच प्रकाश जाऊ देणाऱ्या) फिल्ममधून जातो, मग अर्ध्या आरशावर येतो. अर्धा आरपार जातो, अर्धा वाया. पुढच्या परावर्तक फिल्मवर आपटून तो मागे फिरतो आणि पुन्हा त्याच अर्ध्या आरशावर येतो. त्यातला निम्मा परत डोळ्याकडे वळतो, उरलेला मागे निघून जातो. निम्म्याचा निम्मा, म्हणजे सगळं नीट जुळलं तरी पाव प्रकाश हाती लागतो, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणून पॅनकेकमागे फार प्रखर स्क्रीन लागते, आणि प्रखर स्क्रीन म्हणजे उष्णता आणि बॅटरीचा खर्च. सोनीनं प्लेस्टेशन व्हीआर२ मध्ये ओएलईडी (काळ्या जागचे पिक्सेल पूर्ण विझवणाऱ्या) स्क्रीनसोबत फ्रेनेल वापरली, तिथेही हे गणित ध्यानात घ्यायला हवं. फ्रेनेलमध्ये प्रकाश फारसा वाया जात नाही, म्हणून काळा रंग खरा काळा राहून उजळ भागही उजळ दिसतो. मात्र काळा जितका गडद, तितके फराटे ठळक. एक मिळवायचं तर दुसरं सोसावं लागतं.

एवढा प्रकाश घालवून पॅनकेकमध्ये मिळतं काय? प्रकाशाच्या मार्गाची घडी घातल्यामुळे स्क्रीन डोळ्याच्या जवळ येते. क्वेस्ट ३ चं वजन ५०३ ग्रॅमच्या क्वेस्ट २ पेक्षा किंचित जास्तच आहे, तरी ती नाकावर कमी ओढते, कारण तेच वजन चेहऱ्याला चिकटून बसतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कडेपर्यंत टिकणारी स्पष्टता. मान न हलवता नुसते डोळे फिरवून कोपऱ्यातलं घड्याळ वाचता येतं. लॅपटॉपचा पडदा हेडसेटमध्ये उघडून कोड लिहिणाऱ्या किंवा पीडीएफ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

पॅनकेक निर्दोष नाही. फिल्ममधून थोडा प्रकाश निसटतो आणि उजळ वस्तूची फिकट, किंचित सरकलेली सावली दिसते. काळ्या पडद्यावर एकच पांढरा चौकोन असेल तर त्याचं भूत शेजारी उभं राहतं. पण फ्रेनेलच्या फराट्यांपेक्षा ते बरंच सुसह्य आहे.

तिसरा प्रकार अॅस्फेरिक, म्हणजे खाचा नसलेली, हिशोबानं वक्र केलेली सलग लेन्स. पिमॅक्स क्रिस्टलमध्ये ती काचेची आहे. फराटे नाहीत, भूत नाही, प्रकाश भरपूर. पण हेडसेट जाड आणि जड. विमान किंवा कार सिम्युलेटरवर खुर्चीत बसून खेळणाऱ्यासाठी ती उत्तम, उभं राहून हातपाय हलवणाऱ्यासाठी नाही. मोबाइल घालायच्या खोक्यांतली, २०१४ च्या गूगल कार्डबोर्डपासून चालत आलेली साधी दुहेरी बहिर्गोल भिंगं मुलांना दहा मिनिटं गंमत दाखवायला ठीक. त्यापलीकडे पैसे घालू नयेत.

दुकानात डेमो मिळाला तर गेम सुरू करू नका. सेटिंगचं पान उघडा, त्यात बारीक अक्षरं असतात. हेडसेट आधी वर-खाली सरकवा आणि अक्षरं सगळ्यांत ठसठशीत दिसतील तिथे थांबवा. बहुतेक जण पट्टा आवळून मोकळे होतात आणि अर्धा इंच खाली बसलेल्या हेडसेटवरून लेन्सला नावं ठेवतात. मग डोकं स्थिर ठेवून डावीकडची शेवटची ओळ नुसत्या डोळ्यांनी वाचा. त्यानंतर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं काहीतरी आणा. शेवटी डोकं सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. सरळ रेषा लवलवल्यासारख्या वाटल्या तर लेन्सची विकृती सॉफ्टवेअरनं नीट निस्तरलेली नाही किंवा लेन्सचं अंतर तुमच्या डोळ्यांना जुळलेलं नाही. मळमळ इथूनच सुरू होते.

हे अंतर म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, आयपीडी. चष्म्याच्या दुकानात नंबर काढताना ते मोजतातच, तेवढं कागदावर लिहून घ्या. प्रौढांत ते साधारण ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. क्वेस्ट ३ ला चाक आहे, लेन्स ५८ ते ७१ मिलिमीटरपर्यंत हव्या तिथे थांबवता येतात. ३एस ला फक्त तीन घरं: ५८, ६३ आणि ६८. तुमचं अंतर ६३ च्या जवळ असेल तर काहीच बिघडत नाही. ६५ किंवा ६६ असेल तर दोन्ही डोळे फ्रेनेलच्या मध्यापासून थोडे सरकलेले राहतात आणि वर सांगितलेला धूसरपणा लवकर जाणवू शकतो. अशांनी ३एस आधी लावून बघावी, धूसर वाटली तर थोडं थांबून पैसे जमवून ३ घ्यावी. शाळकरी मुलांचं अंतर ५८ च्या खाली असू शकतं, त्यांना दोन्हींत धूसर दिसू शकतं.

चष्मा असणाऱ्यांनी आणखी एक हिशोब करावा. चित्र दीड मीटरवर असल्यासारखं दिसतं, म्हणून उणे ०.५ ते ०.७५ नंबर असला तर चष्म्याशिवाय चालतं. उणे २ वाल्याला अर्ध्या मीटरपलीकडचं धूसर दिसतं, त्याला चष्मा हवाच. नुसती चाळिशी लागलेल्याला बहुधा काही लागत नाही. प्रोग्रेसिव्ह (दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेला) चष्मा घालून बसलात तर काचेचा खालचा भाग वाचनाचा असल्यानं पडद्याचा खालचा भाग कायम धूसर राहील, आणि मग पॅनकेकसाठी मोजलेले पैसे वाया. हेडसेटमध्ये बसणाऱ्या नंबरच्या काचा करून घ्या, त्या दूरच्या नंबराच्या आणि एकाच नंबराच्या हव्यात. नंबरात सिलिंडर असेल तर अॅक्सिससकट, म्हणजे त्याच्या कोनासकट. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: चष्म्याची काच हेडसेटच्या लेन्सवर घासली की बरोबर मधोमध चरे पडतात आणि ते निघत नाहीत. निदान डोळ्याजवळची जागा वाढवणारी सोय तरी वापरा. क्वेस्ट ३ मध्ये चेहऱ्याची गादी चार टप्प्यांत मागेपुढे होते.

आता नागपूरचं. लेन्स कुठल्याही प्रकारची असो, उलट्या बाजूनं ती भिंगच आहे. लहानपणी भिंगानं कागद जाळला असेल, तसंच खिडकीतून आलेलं ऊन लेन्समधून आतल्या स्क्रीनवर एका बिंदूत गोळा होतं. काही सेकंद पुरतात. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या खिडकीशेजारी टेबलावर हेडसेट लेन्स वर करून ठेवला की गेलाच. गच्चीवर किंवा अंगणात तर खेळूच नये. आणि हे नुकसान कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत. गाडीतही ठेवू नका. हे यंत्र साधारण ३५ अंशांच्या आतल्या खोलीसाठी बनलेलं असतं. आपल्याकडे बाहेर ४५ असताना बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त होतं, आणि पॅनकेकच्या आत चिकटवलेल्या फिल्म असतात, त्यांना इतकी उष्णता मानवत नाही.

कूलरसमोर खेळणं हाही इथला खास प्रकार. खोलीत दमटपणा वाढतो आणि घामेजलेल्या चेहऱ्यासमोर लेन्सवर वाफ धरते. त्याहून वाईट म्हणजे हवेसोबत येणारे बारीक थेंब. बोअरच्या जड पाण्याचे थेंब लेन्सवर वाळले की क्षाराचे पांढरे ठिपके राहतात, आणि ते कोरड्या फडक्यानं घासले की तेच क्षार प्लास्टिकवर ओरखडे काढतात. कूलरच्या थेट झोतातून बाजूला उभं राहा. पुसताना आधी रबरी ब्लोअरनं धूळ उडवा, मग स्वच्छ मायक्रोफायबरचं कोरडं फडकं मधून कडेकडे गोल फिरवत हलक्या हातानं न्या. स्पिरिट, सॅनिटायझर, चष्म्याचा स्प्रे लावू नका, लेपन निघून जातं. फ्रेनेलच्या खाचा बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांत अडकलेली धूळ फडक्यानं निघत नाही, ब्लोअरच लागतो. पावसाळ्यात हेडसेट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवला की बुरशीची भीती कमी होते.

जुना हेडसेट विकत घेताना पूर्ण पांढरा पडदा लावून बघा. त्यावर पिवळट किंवा काळपट ठिपका, किंवा वाकडी रेघ दिसली तर आत ऊन शिरलेलं आहे. ते पुसलं जाणार नाही, विकणाऱ्यानं धूळ आहे म्हटलं तरी. मग मोबाइलचा टॉर्च तिरका धरून लेन्सचा मधला भाग न्याहाळा. चष्म्याचे चरे अशा उजेडातच दिसतात.