काळी एकचा खर्ज आणि चार तारांचा बेस: यामाहा टीआरबीएक्स १७४

आमचे गायक काळी एकमध्ये (सी शार्प) अभंग गातात, आणि नेहमीच्या ई-ए-डी-जी जुळणीतल्या बेस गिटारची सर्वांत खालची उघडी तार म्हणजे त्या पट्टीतला कोमल गंधार. त्यामुळे हाताशी येणारा पहिला षड्ज ए तारेच्या चौथ्या पडद्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास मिळतो. त्याखालचा खर्ज वाद्यात नसतोच, आणि पखवाजाची कणीक लावलेली डावी पुडी जिथे घुमते त्या तळात बेसला काही बोलताच येत नाही. वर्षभर मी ई तार उतरवून काम भागवले. तार तीन पडदे उतरवली की तिचा ताण सुमारे २९ टक्क्यांनी घटतो. ती पडद्यांवर आपटू लागते आणि छेडल्याबरोबर क्षणभर चढी ऐकू येते. तंबोऱ्याचा खर्ज कोणी जोडीची तार सैल करून लावत नाही, त्यासाठी वेगळी जाड तार घालतात. बेसलाही तेच करायचे, म्हणजे पाच तारांच्या संचातली सर्वांत बारीक तार बाजूला ठेवून उरलेल्या चार बी-ई-ए-डी अशा चढवायच्या, असे मी ठरवले. पाच तारांचा बेस का नाही, असे अनेकांनी विचारले. त्याची रुंद मान माझ्या हाताला मानवत नाही, एवढेच त्याचे उत्तर आहे.

दुकानात पिकअप (तारेची कंपने टिपणारे चुंबकी भाग) आणि रंग यांची चर्चा फार होते, पण या कामासाठी वाद्य निवडताना आधी तारेची लांबी पाहावी. फेंडर या अमेरिकन कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हापासून ३४ इंच ही लांबी रूढ आहे. फेंडरच्याच १९६६ च्या मस्टँग बेसची लांबी ३० इंच होती. तीच तार त्याच सुराला लावली, तर ३० इंचांवर तिचा ताण ३४ इंचांपेक्षा सुमारे २२ टक्के कमी भरतो. आखूड बेस मांडीवर फार सुखाचा वाटतो आणि मलाही एक मनापासून आवडला होता, पण ३१ हर्ट्झच्या बी तारेसाठी तो घेणे म्हणजे दुखणे विकत घेणे. ३५ इंची वाद्यात ताण सहा टक्क्यांनी वाढतो. तसे चार तारांचे वाद्य मला माझ्या पैशांत मिळाले नाही.

लांबीनंतर पडदे मोजावेत. सर्वांत बारीक ‘जी’ (G) तार काढून टाकल्यावर वरचा पल्ला जातो, ही या जुळणीवरची मुख्य तक्रार असते. टीआरबीएक्स १७४ ला २४ पडदे आहेत, त्यामुळे डी तारेवरचा शेवटचा सूर हा वीस पडद्यांच्या प्रिसिजनच्या जी तारेवरच्या शेवटच्या सुरापेक्षा फक्त अर्ध्या स्वराने खाली येतो. अभंगाच्या साथीत तिथवर हात जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. मी हा बेस वापरलेला घेतला. ३४ इंच लांबी, मध्ये प्रिसिजन धर्तीचा आणि घोडीजवळ फेंडरच्याच जॅझ बेसच्या धर्तीचा पिकअप, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन, बॅटरीची भानगड नाही, असे हे साधे वाद्य आहे. घोडीजवळचा पिकअप मला आधी अनावश्यक वाटला होता. आता तोच अधिक उघडा ठेवतो, कारण खर्जाची मूळ ३५ हर्ट्झची कंपने सरावाच्या लहान अँपमधून जवळजवळ निघतच नाहीत. कानाला सूर पटतो तो त्याच्या वरच्या स्वरांशांमुळे, आणि ते या पिकअपमधून स्वच्छ येतात.

तारा मी डॅडारिओच्या ईएक्सएल १७०-५ या संचातल्या घातल्या. त्यात ४५, ६५, ८०, १०० आणि १३० (इंचाचे हजारावे भाग) अशा जाडीच्या तारा येतात, म्हणजे ४५ ची वगळली की चारही जागी पूर्वीपेक्षा जाड तार बसवावी लागते. बहुतेक जण फक्त बी तारेचा विचार करतात. प्रत्यक्षात नटच्या, म्हणजे डोक्याकडच्या पट्टीच्या, चारही खाचा रुंद कराव्या लागतात. १३० ची तार ३.३ मिलिमीटर जाड असते आणि तिच्या जागी आधी जेमतेम अडीच मिलिमीटरची तार बसलेली असते. येथे मी ठेच खाल्ली. ज्यांच्याकडे काम दिले त्यांनी खाच रुंद करताना खोलही केली आणि उघडी बी तार पहिल्या पडद्यावर खरखरू लागली. शेवटी दुसऱ्या कारागिराकडून हाडाची नवी पट्टी बसवून घ्यावी लागली. वाद्य ताब्यात घेण्यापूर्वी तार तिसऱ्या पडद्याशी दाबून पहिल्या पडद्यावर पाहावे. तिथे कागद सरकेल एवढी फट दिसली पाहिजे. फट अजिबात नसेल तर पैसे देण्याची घाई करू नये.

दुसरे टोक घोडीचे. जाड तार सुरात यावी म्हणून तिचा घोडीवरचा आधार नेहमीपेक्षा मागे घ्यावा लागतो, आणि मागे जागा नसेल तर बाराव्या पडद्यावरचा सूर कायम चढा राहतो. माझ्या बेसवर बी तारेचा आधार जवळजवळ शेवटपर्यंत गेला. त्याच्या स्क्रूवरची स्प्रिंग थोडी कापल्यावर तो जागी बसला. दुकानात बेस हातात घेतल्यावर ई तारेच्या आधारामागे स्क्रूचा किती भाग मोकळा आहे ते पाहावे. बी तार खुंटीत घालताना आधी ती काटकोनात वाकवावी आणि मगच कापावी. सरळ कापली तर वेटोळी सुटतात आणि महागडी तार मुकी होते. माझी एक तार अशीच वाया गेली आहे.

नव्या तारांचा एकूण ताण थोडा कमी भरल्याने मान मागे वाकली, त्यासाठी आतला ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक सांभाळणारी सळई, पाव फेरा सैल करावा लागला. पावसाळ्यात पुण्यातसुद्धा मान हलते, तेव्हा हे काम वर्षातून दोनदा धरून चालावे.

आता काळी एकचा षड्ज बी तारेच्या दुसऱ्या पडद्यावर मिळतो आणि तो दाबून धरला की पखवाजवाले मान वर करून पाहतात. बोटे मात्र महिनाभर जुन्याच ठिकाणी पडत होती, आणि एका कार्यक्रमात अख्खे ध्रुवपद मी चुकून पाच पडदे खाली वाजवले. प्रत्येक संचामागे ४५ ची एक तार उरते. पिशवीच्या खिशात अशा तीन कोऱ्या तारा पडून आहेत.