जुनी रॅले बर्नर घेताना मी कसा फसलो

780 पौंड. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण बायको दर दोन दिवसांनी त्याचे रुपये करून ऐकवते आणि घरात आता काही लपलेलं नाही. एवढे पैसे मोजून आपण 1982 सालची रॅले टफ बर्नर घेतली आहे, अशी माझी पाच आठवडे ठाम समजूत होती.

बर्नर म्हणजे काय ते आधी सांगतो. 20 इंची चाकांची, बिनगिअरची बीएमएक्स सायकल. कॅलिफोर्नियातली पोरं सत्तरच्या दशकात मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतींची, नक्कल करत मातीच्या ढिगाऱ्यांवरून सायकली उडवू लागली, त्यातून हा खेळ निघाला. ते वेड ब्रिटनमध्ये पोचलं तेव्हा नॉटिंगहॅमच्या रॅले या सायकल कंपनीनं 1982 मध्ये बर्नर बाजारात आणली. टफ बर्नर म्हणजे निळी फ्रेम आणि तारांऐवजी पिवळी प्लास्टिकची मॅग चाकं. आपल्याकडे राजदूत किंवा येझदीचं नाव काढल्यावर ठरावीक वयाच्या माणसांचा चेहरा जसा होतो, तसाच इथे ब्रिटनमधल्या पन्नाशीतल्या माणसांचा बर्नर म्हटल्यावर होतो. त्यामुळे भाव चढलेत, आणि भाव चढले की पाठोपाठ भामटे येतात.

मी मूळचा मिरजेचा. आजोबांकडे रॅले होती. घरात तिला ‘विलायती’ म्हणायचे. खरं तर ती आसनसोलच्या सेन-रॅलेच्या कारखान्यातली असणार, पण आजोबांसमोर असं बोलायची कोणाची टाप नव्हती. आम्हा नातवंडांना तिला हात लावायची बंदी. आम्ही आपले कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाच्या भाड्यानं सायकल आणायचो आणि वेळ संपली तरी गल्लीबोळांतून लपत फिरायचो. नोकरीनिमित्त नॉटिंगहॅमला आलो आणि कळलं की विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस जिथे उभा आहे, ती जुन्या रॅले कारखान्याची जागा. त्या दिवशी बाबांना मुद्दाम फोन करून सांगितलं. मुलगा बारा वर्षांचा झाल्यावर त्याला स्केटपार्कला नेऊ लागलो. तिथे टक्कल पडलेली, पोट सुटलेली दोन-चार माणसं चकचकीत जुन्या बर्नरवरून पोरांसारखी उड्या मारताना दिसली. मला तिथेच खूळ लागलं.

माझी पहिली चूक इथेच झाली. ‘जुनी बर्नर हवी आहे’ अशी जाहिरात ऑनलाइन टाकताना मी आजोबांपासून सगळं रामायण लिहिलं. त्यांची सायकल, हात न लावू देणं, कारखान्याची जागा, सगळं. दोन दिवसांनी एकाचा निरोप आला. त्याचे वडील म्हणे रॅलेतच होते, रंगखात्यात सव्वीस वर्षं. कामगारांच्या सवलतीत त्यांनी धाकट्या मुलाला टफ बर्नर घेतली होती. एकाच घरात राहिलेली, एकच मालक. आता आईला वृद्धाश्रमात हलवायचं होतं म्हणून माळा रिकामा करत होता. “कुठल्या डीलरला देण्यापेक्षा तुमच्यासारख्या माणसाकडे गेलेली बरी,” असं त्यानं लिहिलं. ते वाचून माझा ऊर भरून आला. आपणच पुरवलेलं सामान आपल्यालाच शिजवून वाढलंय, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही. नॉटिंगहॅममध्ये तीन माणसं भेटली तर एकाचा कोणी ना कोणी रॅलेत होता, तेव्हा शंका तरी कशी यावी?

फोटो आले. तपकिरी गालिच्यावर उभी निळी सायकल. गालिच्याच्या कोपऱ्यात इस्त्रीचा काळा डाग. डाग बघून मला उलट बरं वाटलं. खरं घर वाटलं.

घरी बोलावलं नाही. आईला वस्तू विकल्या जाताना बघवत नाहीत, असं कारण सांगितलं. एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी साडेपाचला भेटायचं ठरलं. नोव्हेंबर महिना, म्हणजे इथे तोवर अंधार पडलेला, त्यात पावसाची भुरभुर. सहा वाजता डर्बीहून कोणी रोख पैसे घेऊन येणार होता, म्हणून घाई. रंग नवा कसा, असं विचारलं, तर वडिलांच्या आठवणीत मागच्या वर्षी पावडर कोटिंग करून घेतलं म्हणाला. वडील रंगखात्यातले, मुलानं रंग द्यावा. किती छान जुळतंय!

मी अगदीच कोरा गेलो नव्हतो, अर्धा अभ्यास करून गेलो होतो आणि तोच नडला. रॅलेच्या त्या काळातल्या फ्रेम नंबरात पहिलं अक्षर कारखान्याचं, दुसरं महिन्याचं आणि त्यानंतरचा अंक सालाचा. मोबाइलचा दिवा लावून बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलांचा आस बसतो त्या आडव्या नळीच्या, खाली पाहिलं. ‘एन’, म्हणजे नॉटिंगहॅम. पुढे एक अक्षर, मग 2. म्हणजे 82! मला एवढा आनंद झाला की अंकांच्या आजूबाजूची धातू सपाट घासलेली आहे, हे रंगातून दिसत असूनही मी पाहिलं नाही.

पैसे देण्याची तऱ्हाही ऐका. 400 पौंड त्यानं पैसे पाठवायच्या अ‍ॅपवर मागितले, पण ‘मित्र किंवा नातेवाईक’ हा पर्याय निवडून. शुल्क वाचतं म्हणे. वाचतं हे खरं, पण त्यासोबत खरेदीदाराला मिळणारं संरक्षणही जातं. उरलेले 380 थेट बँक खात्यात. घरी येताना सायकल गाडीच्या मागच्या सीटवर आडवी होती आणि मी सिग्नलला मागे वळून वळून बघत होतो.

पुढचे पाच शनिवार-रविवार मात्र खरंच सुखाचे गेले, ते कोणी परत घेऊ शकत नाही. मागच्या शेडमध्ये सायकल पूर्ण खोलली. हेडसेटचे, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं त्या बेअरिंगचे, छर्रे काढून रॉकेलऐवजी इथे मिळणाऱ्या डिग्रीझरमध्ये धुतले, नवं ग्रीस भरलं. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे मिरजेच्या सायकलवाल्यानं लहानपणी शिकवलेलं, ते मुलाला शिकवलं. सीटची नळी आत धरून बसली होती. दोन दिवस तेल सोडून, पिळून पिळून बाहेर काढली. हँडलच्या क्रोमवरचा गंज ओल्या चांदीच्या कागदानं घासला. पंचेचाळीस मिनिटांत तो भाग आरशासारखा झाला तेव्हा बायकोसुद्धा बघायला आली. नवे टायर, नवी ब्रेकची केबल. मॅग चाकं कोरी करकरीत होती. चाळीस वर्षं जुनं नायलॉन इतकं पिवळंधमक राहत नाही, उन्हानं फिकं आणि ठिसूळ होतं, हेही मी नंतर शिकलो. चाकं नव्यानं काढलेली नक्कल होती.

पहिली मोठी फेरी वोलॅटन पार्कात. मुलगा त्याच्या सायकलवर, मी माझ्या. उतारावर वारा कानात शिरला आणि एकोणपन्नासाव्या वर्षी मला चक्क हसू फुटलं. परत येताना लेंटनमध्ये एका फूटपाथच्या कडेवरून उडी मारली. उडी म्हणजे काय, सहा इंच. खाली टेकताना ‘टक्’ असा आवाज झाला. चार पावलं पुढे गेलो आणि पुढचं चाक माझ्यापासून लांब लांब जातंय असं वाटायला लागलं. हेड ट्यूबमागे, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीमागे, जिथे खालची नळी जोडलेली असते तिथे रंगाला तडा गेला होता आणि तो तडा उघडत होता. दोन्ही तळवे सोलवटले, गुडघा आपटला. मागे गाडी नव्हती, हे नशीब. मागून येणारा मुलगा “बाबा!” म्हणून ओरडला तो आवाज अजून कानात आहे.

घरी आल्यावर शेजारच्या गृहस्थांनी एक साधी गोष्ट सुचवली. फ्रिजवर कोल्हापूरच्या अंबाबाईचं चुंबक लावलेलं असतं, ते आणलं आणि फ्रेमवर फिरवलं. नळ्यांवर सगळीकडे चिकटलं. तड्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागेत मात्र गळून पडलं. आतमध्ये लोखंड नव्हतं, लांबी भरलेली होती, भिंतीला आणि गाडीच्या पत्र्याला भरतात तशी. मग रंग खरवडला. निळ्याखाली काळा, काळ्याखाली जांभळा. जांभळ्याखाली आधीच मोडलेला आणि कोणीतरी घाईनं डागलेला जोड, त्यावर लांबी, त्यावर पावडर कोटिंग. स्टिकर नवे छापलेले. नवे स्टिकर लावणं गुन्हा नाही, सगळेच लावतात. पण ते नवे आहेत हे सांगायला हवं.

गावातल्या एका जुन्या सायकल मेकॅनिककडे फ्रेम घेऊन गेलो. त्यानं नंबर अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाला, मूळ नंबर घासून काढलाय, वर हातानं ठोकलाय. फ्रेम बर्नरचीच आहे की नाही, हेही त्याला सांगता आलं नाही. वर त्यानं एक प्रश्न विचारला जो मला सुचला नव्हता: मूळ नंबर कोणी आणि का घासला? ही सायकल कोणाची तरी चोरीला गेलेली असू शकते. इथे बाइकरजिस्टर नावाची नोंद आहे, पोलीसही ती वापरतात, चोरीच्या सायकलींचे नंबर त्यात तपासता येतात. पण खोटा नंबर तपासून काय कळणार?

पैशांचं म्हणाल तर 400 चं दार ‘मित्र-नातेवाईक’ निवडल्यामुळे बंद होतं. 380 साठी बँकेकडे गेलो. ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून नियम आहे, फसवून आपल्याच हातानं पाठवून घेतलेले पैसे बँकांनी 85,000 पौंडांपर्यंत भरून द्यायचे. मोठ्या आशेनं अर्ज केला. उत्तर आलं, तुम्हाला वस्तू मिळालेली आहे, तेव्हा हा विक्रेता आणि तुमच्यातला खासगी वाद आहे, आणि असे वाद नियमात बसत नाहीत. वस्तू आलीच नसती तर गोष्ट वेगळी असती. म्हणजे रिकामं खोकं पाठवणाऱ्यापेक्षा मोडकी सायकल रंगवून देणारा जास्त सुरक्षित! छोट्या दाव्यांच्या कोर्टात 10,000 पौंडांपर्यंत जाता येतं, पण दावा लावायला पत्ता लागतो. माझ्याकडे होता पार्किंगचा.

पत्ता. घेणाऱ्यांना मी आता हेच आधी विचारतो, घरी जाऊन बघितलीस का? दिवसाउजेडी बघ, सीटची नळी बाहेर काढायला लाव, बॉटम ब्रॅकेटवर हात फिरव. आणि नुकती रंगवलेली सायकल घेऊच नकोस, रंग देतानाचे फोटो आणि पावती असल्याशिवाय. गंजलेली घे. गंजाखाली तडा लपत नाही, आणि गंज काढायची मजा तुझ्याच वाट्याला येते.

महिन्याभरानंतर लेस्टरचा एक गृहस्थ ओळखीच्या ओळखीतून भेटला. त्यालाही त्याच माणसानं बर्नर विकली होती, तीही नव्यानं रंगवलेली. त्याला मात्र वडील रॅलेत नव्हते सांगितले. हा लेस्टरचा गृहस्थ स्वतः लहानपणी शर्यतींत भाग घ्यायचा, तसं त्यानं जाहिरातीत लिहिलं होतं. म्हणून त्याला विकलेली सायकल वारलेल्या थोरल्या भावाची शर्यतीची सायकल झाली होती. दोघं चहा पीत एकमेकांचे निरोप वाचत बसलो. काही वाक्यं शब्दशः सारखी होती, ‘तुमच्यासारख्या माणसाकडे’ धरून.

माझी फ्रेम शेडमध्ये भिंतीला टांगलेली आहे. चाकं मुलाच्या मित्राला दिली.

परवा रात्री पुन्हा एक जाहिरात दिसली. या वेळी लाल बर्नर, विकणाऱ्याचं नाव वेगळं, गाव वेगळं. मी तक्रार केली, जाहिरात काढली गेली, दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच नावानं परत आली. ‘एकच मालक, माळ्यावरून काढलेली.’ खालचा गालिचा तपकिरी आहे, आणि कोपऱ्यात इस्त्रीचा डाग.