पेट सीटी सेंटर, नाशिक: ४ स्टार, बायोप्सीचा रिपोर्ट यायच्या आधीच

बायोप्सीचा रिपोर्ट अजून आलेला नाही आणि म्हणूनच आत्ता लिहायला बसलेय. चांगला आला तर मी पाच स्टार देऊन पेढे वाटत सुटेन, वाईट आला तर रिसेप्शनवरच्या त्या बिचाऱ्या पोरीवरपण राग काढेन, आणि दोन्हीत सेंटरचा काडीचा संबंध नाही. नाव टाकत नाहीये कारण खाली एक तक्रार आहे, तिथल्या पोरांच्या नोकरीवर यायला नको.

तर माझं २०१६ ला ब्रेस्टचं झालेलं, ऑपरेशन केमो रेडिएशन आणि मग पाच वर्षं गोळी, सगळं रीतसर. यंदा फॉलोअपला गेले तेव्हा खोकला जात नाही म्हटलं म्हणून डॉक्टरांनी छातीचा सीटी काढायला लावला, त्यात दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत गाठी वाढलेल्या दिसल्या. जुनं परत आलं असेल, नवीन काही असेल, नाहीतर टीबीपण असू शकतो, आधी पेट स्कॅन करून बघू म्हणाले. टीबीच निघू दे म्हणून साकडं घालणारी बाई काळ्या रामाने पहिल्यांदाच बघितली असेल.

पहिल्या वेळी काय वाढून ठेवलंय तेच माहीत नव्हतं हो, त्यामुळे भीतीपण मोघमच होती. आता सगळं पाठ आहे. ते लाल औषध, नंतर लघवीपण लाल, उशीवरचे केस, तोंडात कडवट पत्र्यासारखी चव. रात्री डोळे मिटले की हेच. त्यात घरचे "काही होत नाही गं, पॉझिटिव्ह विचार कर", जाऊबाई तर रोज फोन करून तेच, त्यांची माया कळते पण फोन ठेवला की जास्तच एकटं वाटतं.

सेंटरमध्ये हे कोणीच बोललं नाही, आणि माझे निम्मे स्टार इथेच. टेक्निशियन मुलगा समोर बसला आणि म्हणाला, "ताई, आधी शुगर बघू, दोनशेच्या आत असली की इंजेक्शन, मग तासभर नुसतं पडून राहायचं, मग मशीनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं, नंतर पोटभर खा." बस. पुढे काय होणार ते नीट कळलं आणि सकाळपासून थरथरणारे हात जरा थांबले. नंतर डोसची गाडी कसाऱ्याला ट्रॅफिकमध्ये अडकली, तेव्हापण तो स्वतः येऊन सांगून गेला की औषध मुंबईहून येतंय, साठवून ठेवता येत नाही, ११० मिनिटांत त्याची ताकद निम्मी होते, त्यामुळे उशीर होईल पण रद्द नाही. उपाशीपोटी जीव कासावीस झालेला पण चिडचिड नाही झाली. बाहेर दिंडोरीचे एक द्राक्षवाले दादा बायकोला घेऊन आलेले, ते अवकाळीने मणी कसे तडकतात ते सांगत बसले, तेवढा वेळ बरा गेला.

इंजेक्शन म्हणजे साखरेसारखंच औषध असतं, जिथल्या पेशी जास्त साखर खातात ती जागा स्कॅनमध्ये चमकते. म्हणून तो तासभर मोबाइल नाही, गप्पा नाहीत, च्युइंगमसुद्धा नाही, नाहीतर जबड्याचे स्नायूच साखर खातात. ब्लँकेटपण लाडाने देत नाहीत बरं का, थंडी वाजली तर मानेजवळची चरबी चमकते आणि रिपोर्टमध्ये गोंधळ होतो. निफाडचा पारा उतरला की नाशिकला काय गारठा असतो ते सांगायला नको, मी दोन मागितली, दिली. सिस्टरला विचारलं स्तोत्र म्हटलं तर चालेल का, तर म्हणाली "मनातल्या मनात म्हणा काकू, ओठ हलवू नका."

आता तक्रार. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला शनिवारी रात्री. डॉक्टर सोमवारी. मधला अख्खा रविवार मी आणि "एसयूव्ही मॅक्स" नावाचा एक आकडा, म्हणजे गाठ किती जोरात चमकते त्याचं माप. मी गुगल केलं, यांनी केलं, मुलाने पुण्याहून केलं, तिघांना तीन वेगळी उत्तरं. सोमवारी डॉक्टर म्हणाले टीबीच्या गाठीसुद्धा जोरात चमकतात, नुसत्या आकड्यावरून कॅन्सर आहे की नाही ठरत नाही, तुकडा तपासल्याशिवाय खरं कळत नाही. हे एक वाक्य रिपोर्टसोबत कोणी पाठवलं असतं तर? किंवा आधी विचारायचं तरी, आत्ता पाठवू की डॉक्टरांकडेच देऊ. एक स्टार त्याचा कापला.

बायोप्सी झाली, आता वाट बघणं चालूय. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, मग मेणाच्या ठोकळ्यात, मग पातळ काप, मग रंग, आणि गरज पडली तर पुढच्या टेस्टला अजून काही दिवस, त्यामुळे लॅबला रोज फोन करून उपयोग नाही हे कळतं तरी फोन हातात असतोच. समुपदेशक ताईंनी सांगितलं की भीतीला वेळ ठरवून द्या. म्हणून संध्याकाळी चहा घेऊन आम्ही दोघं गॅलरीत बसतो, जे काय वाईटसाईट मनात येतं ते बोलून टाकतो, पैशांचंसुद्धा, आणि कप विसळले की विषय बंद. दिवसा बऱ्यापैकी जमतं. रात्री तीनला नाही जमत.

जाणाऱ्यांसाठी: सहा तास उपाशी, साधं पाणी चालतं. मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, घेत असाल तर काय करायचं ते आधीच विचारा. आदल्या दिवशी जिम, धावणं नको. दागिने घरी ठेवा, मोजे न्या. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर स्कॅननंतर काही तास लांब राहायला सांगतात, आमची नात दारातच रुसली, तिला आधी सांगून ठेवायला हवं होतं. खर्च मला पंधरा हजारांच्या आत आला. आणि जुन्या स्कॅनच्या सीडी सोबत न्याच, नुसते कागद नकोत, आधीचं आणि आत्ताचं शेजारी ठेवून बघतात.