टॉवर साइटचे अलार्म: एनओ लावायचा की एनसी?

बीटीएसला, म्हणजे मोबाइल टॉवरच्या सिग्नल यंत्रणेला, दाराचा किंवा वीज गेल्याचा अलार्म जोडताना पहिला प्रश्न हाच. एनओ, म्हणजे नॉर्मली ओपनमध्ये सर्किट एरवी उघडं असतं, अलार्मच्या वेळी जुळतं. एनसी, नॉर्मली क्लोज्डमध्ये उलट.

अलार्मसाठी एनसीच, असं माझं ठाम मत आहे. उंदरांनी वायर कुरतडली तर एनओचा अलार्म मुका होतो आणि कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर सगळं आलबेल दिसत राहतं. एनसीची वायर तुटली तर लगेच अलार्म येतो. पावसाळ्यात टर्मिनल गंजून एनसी खोटे अलार्म देतो, हे खरं. तेव्हा एक फेरी वाया जाते, पण बॅटऱ्या चोरीला गेल्याचं आठवड्यानं कळण्यापेक्षा ते परवडलं.

कंट्रोलचं, म्हणजे दुरून यंत्र चालू-बंद करण्याचं, मात्र वेगळं. जनरेटर सुरू करणाऱ्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) एनओ बरा. वायर तुटली म्हणून इंजिन उगाच धडधडायला नको.

सॉफ्टवेअरमधली पोलॅरिटी, म्हणजे सर्किट उघडल्यावर अलार्म धरायचा की जुळल्यावर, ही वायरिंगशी जुळवा. मग दार प्रत्यक्ष उघडा, कंट्रोल रूमला फोन लावा आणि "दाराचा अलार्म आला" हे ऐकल्याशिवाय साइट सोडू नका. दाराच्या पोर्टला (त्याची वायर जिथे जोडली त्या जागेला) सॉफ्टवेअरमध्ये चुकून "धूर" नाव पडलं असेल तर तेही तेव्हाच कळतं.