थंडरबर्ड : संस्थेच्या टपालासाठी चार वर्षे वापरल्यानंतर

आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद माझ्याकडे आले तेव्हा माझी स्वतःची दोन आणि संस्थेचे एक अशी तीन ईमेल खाती एकाच ब्राउझरमध्ये उघडून बसण्याची वेळ आली. देखभाल शुल्काच्या थकबाकीचे स्मरणपत्र एकदा चुकून माझ्या खासगी पत्त्यावरून गेले, आणि त्याच संध्याकाळी मी थंडरबर्ड उतरवून घेतले. त्याला आता चार वर्षे झाली. नव्याने सुरुवात करणाऱ्याला उपयोगी पडेल असे जे हाती लागले, ते येथे मांडत आहे.

थंडरबर्ड हा फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या घराण्यातला मुक्तस्रोत ईमेल प्रोग्राम असून तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर विनामूल्य चालतो. त्याची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. २०१२ साली मोझिलाने त्याच्या विकासातून हात आखडता घेतला, तेव्हा याचे दिवस भरले असे अनेकांना वाटले होते. परंतु २०२० पासून मोझिला फाउंडेशनच्याच मालकीची एक स्वतंत्र कंपनी त्याचे काम पाहते आणि त्याचा खर्च मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतो. २०२३ मध्ये आलेल्या ११५ व्या आवृत्तीने त्याचे जुनाट रूप बरेच बदलले.

खाते जोडणे बहुतेक वेळा सोपे असते. नाव आणि पत्ता भरला की सर्व्हरची माहिती थंडरबर्ड स्वतःच शोधून काढते. जीमेलचे खाते असल्यास गूगलच्या पानाची एक छोटी खिडकी उघडते आणि परवानगी तेथे द्यायची असते. अडचण येते ती स्वतःच्या डोमेनवरच्या पत्त्याची. संस्थेचे खाते एका स्थानिक होस्टिंगवाल्याकडे होते, त्याची माहिती आपोआप सापडली नाही, म्हणून सर्व्हरचे नाव, येणाऱ्या टपालासाठी ९९३ आणि जाणाऱ्यासाठी ५८७ हे पोर्ट क्रमांक हाताने भरण्याची वेळ आली. त्या पहिल्या खेपेस मी मात्र ९९३ पर्यंत पोहोचलोच नाही, कारण तो क्रमांक 'आयमॅप'चा, आणि टपाल आणण्याच्या दोन पद्धतींपैकी 'आयमॅप' की 'पॉप' या प्रश्नावर मी फारसा विचार न करता 'पॉप' निवडून मोकळा झालो होतो.

या एका निवडीवर पुढचे सगळे अवलंबून असते. आयमॅपमध्ये मूळ टपाल सर्व्हरवरच राहते आणि संगणक, फोन, दुसऱ्याचा लॅपटॉप अशा सगळ्या ठिकाणी एकच चित्र दिसते. पॉपमध्ये टपाल आपल्या संगणकावर उतरते आणि खात्याची मांडणी (सेटिंग्ज) कशी आहे त्यानुसार ठरावीक दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाकले जाते. हे मला कळले ते आमच्या खजिनदारांच्या फोनमुळे. "अहो, माझ्या मोबाइलवर संस्थेची पेटी रिकामी कशी?" असे त्यांनी विचारले, तेव्हा सगळा पत्रव्यवहार माझ्या घरच्या संगणकात येऊन बसला होता. खाते आयमॅपने पुन्हा जोडले, उतरलेली पत्रे निवडून परत सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ओढून टाकली, आणि रविवारची अर्धी दुपार त्यात गेली. दोष प्रोग्रामचा नव्हता, हे मान्य. तरी त्या खिडकीत दोन ओळींचा खुलासा असता तर बरे झाले असते.

जीमेल वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. जीमेलची लेबले येथे फोल्डर म्हणून दिसतात आणि 'ऑल मेल' हाही त्यांपैकीच एक असल्याने एकच पत्र दोन-तीनदा उतरते. त्या फोल्डरची वर्गणी रद्द केली (म्हणजे 'अनसबस्क्राइब' करून तो यादीतून काढला), किंवा खात्याच्या मांडणीत केवळ अलीकडच्या काळातलेच टपाल संगणकावर ठेवण्यास सांगितले, की डिस्कवरचा भार पुष्कळ हलका होतो.

मराठी पत्रांची अक्षरे सुरुवातीला फार बारीक दिसतात. मांडणीतील अक्षरांच्या प्रगत पर्यायांत लिपीनुसार यादी आहे. तीत देवनागरी निवडून आपल्या पसंतीचा फाँट आणि आकार ठरवला की डोळ्यांचा त्रास थांबतो. मात्र आधीच्या सचिवांनी युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये लिहिलेली साधी पत्रे रोमन अक्षरांच्या खिचडीसारखी दिसतात आणि त्यावर थंडरबर्डजवळ इलाज नाही.

रोजच्या वापरात मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट म्हणजे पत्रांच्या यादीवरची झटपट गाळणी : सदनिकेचा क्रमांक टाइप करताच यादी तेवढ्यापुरती आकसते. पत्रातील बाहेरची चित्रे आपण परवानगी देईपर्यंत उतरत नाहीत, त्यामुळे पत्र उघडल्याची चाहूल जाहिरातदाराला त्या वाटेने लागत नाही. दिनदर्शिका आणि कूटबद्ध पत्रांची सोय आतच आहे. गप्पांचाही विभाग आहे, तो मी एकदा उघडून बंद केला. पाठवलेले पत्र काही सेकंदांत मागे घेण्याची जीमेलची सवय झालेल्याला मात्र चुकल्यासारखे होईल. मी त्यावर उपाय म्हणून महत्त्वाची पत्रे कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबून आधी आउटबॉक्समध्ये ठेवतो आणि पुन्हा वाचूनच सोडतो.

यंदा पदभार सोपवताना, थंडरबर्डची खाती, टपाल आणि मांडणी ज्यात राहते ते प्रोफाइल नावाचे फोल्डर उचलून नव्या सचिवांच्या संगणकावर ठेवावे, म्हणजे काम झाले, असे मला वाटले होते. पण साठवलेले पासवर्डही त्याच फोल्डरमध्ये असतात, आणि माझी खासगी खाती संस्थेच्या खात्याशेजारी त्याच प्रोफाइलमध्ये होती. शेवटी त्यांच्या संगणकावर संस्थेचे खाते नव्याने आयमॅपने जोडले, पासवर्ड बदलला, आणि फक्त माझ्या संगणकावरच साठवलेली जुनी पत्रे तेवढी पेन ड्राइव्हवरून दिली. संस्थेच्या किंवा मंडळाच्या कामासाठी थंडरबर्ड घेणार असाल, तर पहिल्याच दिवशी त्या कामाचे प्रोफाइल वेगळे करावे.