१४ वर्षं जुनी ऑटोमॅटिक आणि एक स्कॅनर: आठ महिन्यांचा अनुभव

गाडी घेतली तेव्हा ती १४ वर्षांची होती. टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा), चार गिअरचा ऑटोमॅटिक. चालवून पाहिली तेव्हा गिअर अगदी अलगद पडत होते. महिनाभरात तीन तक्रारी सुरू झाल्या. रिव्हर्स टाकला की खालून दणका बसायचा. ६०च्या आसपास हलक्या रेसवर गाडी थरथरायची. आणि मधूनच चेक इंजिनचा दिवा लागून ती तिसऱ्या गिअरमध्ये अडकायची. गॅरेजमध्ये पाच मिनिटांत निकाल मिळाला: "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." ऑइलची पातळी पाहायची डिपस्टिकसुद्धा कुणी ओढून पाहिली नव्हती. त्याच दिवशी गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर घ्यायचं ठरवलं.

पहिला साधा ब्लूटूथवाला घेतला. त्यानं फक्त पी०७०० दाखवला. हा कोड पाहून घाबरू नका. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरनं काहीतरी बिघाड नोंदवलाय, एवढंच तो सांगतो. नेमकं काय, ते वाचायला त्या कंट्रोलरपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो, म्हणून दुसरा घेतला. खरेदीआधी दोनच गोष्टी विचारा: आपल्या मॉडेलचा ट्रान्समिशन कंट्रोलर तो वाचतो का, आणि लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालू असतानाचे सेन्सरचे आकडे, दाखवतो का. बाकीचे मेनू मी आठ महिन्यांत उघडलेही नाहीत.

दुसऱ्यानं पी०७२० काढला, म्हणजे आउटपुट स्पीड सेन्सरच्या (गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजणाऱ्या) सर्किटमध्ये दोष. तेव्हा लक्षात आलं की गाडी अडकायच्या आधी स्पीडोमीटरचा काटा क्षणभर शून्यावर पडायचा. माझ्या गाडीत काटाही याच सेन्सरवर चालतो, आणि मी ते मीटरचं दुखणं समजत होतो. लाइव्ह डेटात मात्र सुरुवातीला काहीच सापडेना. मी वीस आकडे एकदम लावले होते, त्यामुळे प्रत्येक आकडा इतका उशिरा बदलायचा की अर्ध्या सेकंदाची खोट मधल्या मध्ये निसटायची. मग तीनच ठेवले: इंजिनचे आरपीएम, टर्बाइनचे (कन्व्हर्टरमधून गिअरबॉक्समध्ये शिरणारे फेरे) आणि आउटपुट शाफ्टचे. या गाडीत तिसरा गिअर एकास एक आहे, म्हणजे त्यात टर्बाइन आणि आउटपुटचे फेरे सारखेच हवेत. दोन्ही रेषा एकमेकींवर बसलेल्या दिसल्या आणि जिवात जीव आला, कारण क्लच घसरत असते तर टर्बाइनची रेषा वर निघाली असती. मधेच आउटपुटची रेषा एकटीच शून्यावर आपटली. गाडी पळत असताना शाफ्ट थांबणं शक्यच नाही. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढला होता. साफ करून पिना घट्ट केल्या. त्यानंतर गाडी एकदाही अडकलेली नाही.

थरथरीला कोडच नव्हता. रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नसताना, रेस तशीच ठेवून डाव्या पायानं ब्रेक अगदी हलका, दिवे लागण्यापुरता दाबला. आरपीएम थोडे चढले आणि थरथर तत्काळ थांबली. ब्रेकचा स्विच लागला की कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) सुटतं, म्हणजे संशय लॉकअप क्लचवर. इंजिन मिसिंग करत असतं तर थरथर बहुधा अशी एका झटक्यात गेली नसती. ऑइल काळपट तपकिरी होतं, पण जळका वास नव्हता, चकाकणारा चुराही नव्हता. ड्रेन केलं तरी बरंचसं जुनं ऑइल कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल, मध्ये गाडी चालवत, तीनदा बदललं आणि एकदा फिल्टरही. दुसऱ्या खेपेनंतर फरक कळला, तिसऱ्यानंतर थरथर जवळपास गेली. ऑइल जळकट असेल किंवा त्यात धातूचा चुरा असेल तर मात्र या उपायावर विसंबू नका. तिथे क्लच किंवा आतले इतर भागच झिजलेले असू शकतात.

रिव्हर्सचा दणका गिअरबॉक्सचा नव्हताच. बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर घरच्यांचा पाय, मी बाजूला उभा. डीवरून आरला नेताच इंजिन एका बाजूनं उचललं गेलं. इंजिन धरून ठेवणारं माउंटिंग फाटलं होतं.

स्कॅनरबद्दल तक्रार एकच: ब्लूटूथ मधेच तुटतं, आणि नेमकं ग्राफ चालू असताना. तरी पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन.

एक गोष्ट अजून उरली आहे. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी रिव्हर्स घ्यायला दोनेक सेकंद लागतात, गरम झाल्यावर लगेच घेतो. ऑइलची पातळी बरोबर आहे, त्यामुळे आतलं एखादं सील कडक झालं असावं असं वाटतं. दर आठवड्याला सेकंद मोजून वहीत लिहितो आहे. चार महिन्यांत आकडा वाढलेला नाही, म्हणून सध्या गिअरबॉक्स उघडत नाही.