वायपर आपटतायत: आर्म सरकवायचा की लिंकेज खोलायचं?

ताम्हिणीच्या पावसात कॅरव्हॅनचे वायपर एकमेकांवर आपटायला लागले, तर आधी बंद वायपरचा आर्म हाताने हलवून बघा.

आर्म घट्ट आहे, फक्त कोन चुकलाय? मग वायपर पार्कमध्ये (बंद केल्यावर काचेच्या कडेला टेकतो त्या जागी) थांबवा, आर्मच्या बुडाचा नट सैल करा, आर्म त्याच्या दातेरी खुंटीवर एक-दोन दाते सरकवून नट पुन्हा आवळा. जवळजवळ फुकटातलं काम. पण आर्मचे दाते झिजून गुळगुळीत झाले असतील, तर तो पहिल्याच जोरदार सरीत परत घसरणार. आर्मच नवा घ्या.

आर्म डुलतोय? दोष बहुतेक लिंकेजच्या (मोटरला आर्मशी जोडणाऱ्या दांड्यांच्या) सांध्यातल्या झिजलेल्या बुशमध्ये, म्हणजे छोट्या कड्यात. खोलायला वेळ लागतो, मजुरीही बसते. जुना बुश खिशात घालून पुण्यातली नाना पेठ, म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार, गाठा, मापाला माप लावूनच घ्या. घाटात जायचं असेल तर मी इथे अजिबात चालढकल करणार नाही.